कोपरावर दोनदा

ओल्डम,
३ मार्च १९९४

प्रिय इद्रिस,

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, पत्रात आभार आधी मानावेत आणि मागणं शेवटी करावं. उलटं केलं तर आभारसुद्धा मागण्यासारखेच वाटतात. इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसले आणि पहिलं वाक्य सुचेना, तेव्हा त्याच आठवल्या. म्हणून आधी आभार.

माझ्या नवऱ्याचे हात हलके आहेत, त्याबद्दल आभार.

हसशील तू. ज्याचं नाव भिंतीभिंतींवर ‘ओल्डमचा घण’ असं छापून लागायचं, ज्याच्या उजव्या हाताने चांगले चांगले गडी आडवे केले, त्याचे हात म्हणे हलके! पण आमच्या दोघी मुलींच्या वेण्या लहानपणी अँब्रोजच घालायचा. माझ्या हाताने केस ओढले जायचे. ‘आई नको, बाबा घालू दे,’ म्हणून पोरी पळायच्या. मोठीला पहिल्यांदा अंघोळ घातली ती त्यानेच. पाण्यात तिला असं धरलं होतं, जणू उसनं आणलेलं काचेचं भांडं धुतोय. असे हात घेऊन तो जन्माला आला नव्हता. ते त्याला जत्रेतल्या आमच्या मुष्टियुद्धाच्या तंबूत, दोन उन्हाळ्यांत, तू दिलेस.

तो फोटो आहे अजून माझ्याकडे. तंबूसमोरच्या फळ्यांवर तुम्ही सगळे छाती काढून उभे आहात, माझे बाबा ढोल बडवतायत, आणि तिकिटाच्या खिडकीत मी, डोक्यावर शाळेची गवती टोपी. जत्रेचा फिरता संसार हिवाळ्यात थांबायचा तेव्हा मी वसतिगृहात असायचे, आणि सुट्टी लागली की थेट त्या खिडकीत. जपमाळ एका खिशात, सुटे पैसे दुसऱ्या. तू जाता येता डोकावायचास. ‘काय सिस्टर, आज किती पापी गेले आत?’ त्या तंबूत मला ‘सिस्टर’ म्हणण्याची हिंमत फक्त तुझी.

अँब्रोज आला तो ओतशाळेतलं काम सोडून. वीस वर्षांचा आडदांड पोर, मान खाली घालून बोलणारा. पहिल्याच दिवशी गर्दीतला एक शेतकरी वर चढला. तीन राऊंड उभा राहिला तर एक पौंड मिळणार होता त्याला. अँब्रोजने उजव्या हाताचा एक ठोसा दिला आणि त्या बिचाऱ्याने डोळे उघडले ते दोन बादल्या पाणी ओतल्यावर. बाबा काय कडाडले! ‘अरे गाढवा, लोक इथे मार खायला येतात, मरायला नाही! आता चढेल का कुणी वर?’ सगळे हसत होते. मी खिडकीतून पाहत होते. अँब्रोज स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता, कुणा दुसऱ्याचाच हात आपल्याला चिकटलाय असा. तो घाबरला होता, इद्रिस.

मग बाबा तुला म्हणाले, ‘ए वेल्शा, ह्याला मारता येतं. थांबायला तू शिकव.’

आणि तू शिकवलंस. सकाळी तंबूमागे उघडे तळवे धरून तू उभा, आणि तो मारतोय. ‘माशी बसलीये माझ्या हातावर. उडव, पण मारू नकोस.’ संध्याकाळी तू डोक्यावर टोपी घालून गर्दीत मिसळायचास, आणि बाबांनी आव्हान दिलं की ओरडायचास, ‘मी घेतो त्या रेड्याला!’ मी तुला ओळख न दाखवता नाव-गाव विचारायचे. हे पाप आहे का, म्हणून मी शाळेत फादरना विचारलं होतं. त्यांनी जाळीपलीकडून विचारलं, ‘पण मुली, जिंकतं कोण?’

आता मागणं. जानेवारीत अँब्रोजला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा सावरला, बोलणं अडखळत येतं, पण हात नाही. व्यायाम शिकवायला मिस प्रीस्टनॉल म्हणून एक तरुण मुलगी येते, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा संपेपर्यंत हात जेवढा परत येईल तेवढाच त्याचा. पुढे काही आशा धरू नका. आणि हा तर प्रयत्नच करत नाही. खिडकीकडे तोंड करून बसतो. मी फार मागे लागले तर म्हणतो, ‘दहा मोजून झाले, फिल.’

दवाखान्यात पहिले काही दिवस त्याला माझंही नाव आठवत नव्हतं. तुझं आठवत होतं. दोनदा म्हणाला. म्हणून तुझ्या बहिणीला, ओल्वेनला, लिहून तुझा पत्ता मिळवला. ऑस्ट्रेलिया काही शेजारी नाही, ते मला कळतं. पण त्या हाताला कामाला लावणं आजवर एकालाच जमलंय. येशील का?

बेल व्ह्यूच्या त्या रात्रीबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझी,
फिलोमिना टुली


ओल्डम,
११ एप्रिल १९९४

प्रिय इद्रिस,

कार्ड मिळालं. पुढे काकाकुवा, मागे एक ओळ. ‘मला बघून त्याला बरं वाटणार नाही, फिल. माफ कर.’

काकाकुवा सुंदर आहे. त्याबद्दल आभार. झाले आभार मानून. आता मी बेल व्ह्यूबद्दल लिहिणार आहे.

तंबू सोडून अँब्रोज मोठ्या रिंगमध्ये गेला तेव्हा तुम्ही मित्र होतात. आमच्या लग्नात तू गायलास आणि बाबा रडले, आणि रडताना दिसू नये म्हणून घोड्यांना पाणी दाखवायला गेले. घोडे तर कधीच विकले होते आम्ही. मग एकेक शहर झालं. लीड्स, लिव्हरपूल, नॉटिंगहॅम. चौथ्या राऊंडपुढे त्याच्यासमोर फारसं कुणी टिकायचं नाही. पेपरवाले लिहायचे, टुलीचा उजवा म्हणजे गिरणीचा दरवाजा, एकदा लागला की शिफ्ट संपली. छप्पन साली त्याने ब्रिटनचा पट्टा जिंकला. पुढच्या वर्षी राखला. आमच्याकडचा नियम तुला माहीतच आहे, तीनदा जिंकलं की पट्टा कायमचा तुमच्या घरचा. तिसऱ्या वेळी, बेल व्ह्यूच्या हॉलमध्ये, समोर तू.

घरी सगळे खूश होते. बाबा म्हणाले, ‘कुणीही जिंको, पट्टा माझ्याच तंबूतला.’ फक्त अँब्रोज गप्प होता. आदल्या दिवशी मला म्हणाला, ‘ह्याला कसं मारायचं, फिल? ह्याचा चेहरा मला पाठ आहे.’

मी तिसऱ्या रांगेत होते. नववा राऊंड. अँब्रोज पुढे होता, हे पूर्ण हॉलला दिसत होतं. त्याने तुला दोरांवर घेतलं, तू त्याला मिठी मारलीस, आणि त्याचा उजवा हात मागे गेला. मी तो हात ओळखते. तो सुटला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि तेव्हा तू त्याच्या कोपरावर दोनदा थोपटलंस.

हजारो माणसं होती हॉलमध्ये. त्याचा अर्थ कळणारी तीन. तू, तो आणि मी. ‘लागलंय, आवर.’ तंबूतला आपला कायदा. थोपटलं की समोरच्याने हात आवरायचा आणि थोपटणाऱ्यानेही. विचार करायला वेळ नसतो म्हणून तर तो अंगात मुरवायचा. अँब्रोजच्या अंगात तू इतका मुरवला होतास की ब्रिटनच्या पट्ट्यासाठी लढतानासुद्धा त्याने उजवा हात खाली घेतला. आणि तू त्याला मारलंस.

तो उठला. शेवटच्या घंटेपर्यंत लढला. पण पाय आधीचे राहिले नव्हते, आणि रेफरीने तुझा हात वर केला.

मग जे झालं ते तुला अर्धंच माहीत असेल, कारण तू काही महिन्यांत पट्टा परत करून बोटीत बसलास. लोकांनी टुलीचा हात खाली येताना पाहिला होता. ‘जत्रेतलेच दोघं. जत्रेतलाच खेळ केला.’ ‘टुलीने सामना विकला.’ चौकशी झाली, काही निघालं नाही. निघणार काय? अँब्रोजने तोंडच उघडलं नाही. मी म्हणाले, ‘सांग ना त्यांना, थोपटलं म्हणून थांबलास.’ तो म्हणाला, ‘म्हणजे खुणा ठरल्या होत्या हे मी माझ्याच तोंडाने सांगू? मग तर इद्रिसही बुडेल.’

पुढे तो दोनदा लढला, दोन्हीदा हरला, आणि हातमोजे खिळ्याला लावले. जत्रेच्या गाड्या चालवल्या, पाळणे जोडले, आणि गेली वीस वर्षं संध्याकाळी गवताच्या मैदानावर लाकडी गोळे घरंगळवायला जातो. तिथे हॅरल्ड व्रिग्ली नावाचा एक म्हातारा आहे. अँब्रोजची पाळी आली की म्हणतो, ‘टुली, आज कुणाला सोडणार?’ अँब्रोज खाली वाकतो आणि गोळा सोडतो. वीस वर्षं, इद्रिस.

मला बराच काळ वाटायचं, ह्याला पट्ट्याचं दुःख आहे. नाहीये. लोक काय म्हणतात त्याचंही फारसं नाही. एकदा, एकदाच, मुलीच्या लग्नात दोन ग्लास जास्त झाल्यावर तो म्हणाला, ‘त्याने मला गाढव बनवलं, फिल. मला जे शिकवलं त्यानेच मला हरवलं.’ त्याला वाटतं, ते थोपटणं खोटं होतं. आयुष्यात त्याने शिकलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे एक सापळा होता, असं त्याला वाटतं. आता मिस प्रीस्टनॉल म्हणते, ‘मिस्टर टुली, हातावर विश्वास ठेवा,’ तेव्हा तो हसतो. ते हसू बघवत नाही.

मी मात्र त्या रात्रीही आभार मानले होते, आजही मानते. तो थांबला ह्याचे. घरी येऊन सुजल्या चेहऱ्याने त्याने झोपलेल्या मुलीचं पांघरूण नीट केलं, आणि मी मनात म्हटलं, पट्टा गेला तर गेला. हा हात राहिला.

पण माझे आभार त्याच्या उपयोगाचे नाहीत. त्याला हवंय ते तुझ्याकडे आहे. यायचं नसेल तर येऊ नकोस. एवढंच सांग. ते खरं होतं की खोटं?

खोटं असेल तर तसं सांग. इतकी वर्षं ज्याने खोटं म्हणूनच गिळलं, त्याला आणखी काय होणार आहे?

फिल


ओल्डम,
२९ मे १९९४

प्रिय इद्रिस,

तुझी कॅसेट काल आली. पाकिटात चिठ्ठी शोधली, नव्हती. नुसती कॅसेट, वर बहुधा तुझ्या नातीच्या गोल अक्षरात ‘ब्रोजसाठी’.

माझ्यासाठी नव्हे, ब्रोजसाठी. ते वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. आधी एकटीने ऐकावी असं फार वाटत होतं. वाईट असेल तर लपवता येईल. मग वाटलं, माझ्या नवऱ्याने आयुष्यभर समोरून मार घेतला, मागच्या दाराने कधी पळाला नाही. त्याच्या वाट्याचं मी आधी चाखून बघणारी कोण?

मिस प्रीस्टनॉल व्यायामाच्या गाण्यांसाठी टेप आणते, ती मागून घेतली. ‘काय ऐकणार आहात मिसेस टुली, प्रेमगीतं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तसंच काहीसं.’ ती गेल्यावर टेप टेबलावर ठेवली आणि अँब्रोजला खिडकीपासून वळवलं.

‘कुणाचं?’

‘इद्रिसचं.’

तो नको म्हणाला नाही, म्हणून मी बटण दाबलं.

पुढचं तुला सांगायलाच हवं, कारण तू तिकडे एकटाच बोललास आणि तुला वाटत असेल तू भिंतीशी बोललास. तसं नव्हतं. तुला उत्तरं मिळत होती.

तू म्हणालास, ‘ब्रोज, मी इद्रिस. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीसुद्धा लाजेल. म्हणून बोलतोय.’

अँब्रोज टेपकडे बघून म्हणाला, ‘म्हातारा झालास.’

मग मागे ते किंचाळणं सुरू झालं. अँब्रोजने भुवई वर केली. ‘हे काय? बायको?’ आणि नेमकं तेव्हाच तू म्हणालास, ‘तो काकाकुवा आहे, लक्ष देऊ नकोस.’ अँब्रोजच्या तोंडाची डावी बाजू हलली. मी खाली बघून माझ्या बांगडीशी चाळा करत बसले, म्हटलं आता हलू नकोस फिलोमिना, श्वास घेऊ नकोस.

मग तू म्हणालास, ‘फिलने विचारलंय, खरं की खोटं. खरं होतं, ब्रोज.’

अँब्रोज टेपकडे आणखी वळला. तू बोलतच होतास.

‘आठव्या राऊंडमध्ये तुझा उजवा माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्यासमोर काळं उतरलं, दुकान बंद करताना फळ्या लावतात तसं, वरून खाली. कोपऱ्यात कुणाला सांगितलं नाही. नवव्यात तू मला दोरांवर घेतलंस, आणि तुझा हात मागे गेलेला मला उरलेल्या डोळ्याने दिसला. मी थोपटलं. युक्ती वगैरे सुचायला डोकं जाग्यावर लागतं. पोर पडलं की आईला हाक मारतं ना, तसं थोपटलं. आणि तू थांबलास. तिथे, त्या हॉलमध्ये, सगळ्या जगासमोर तू थांबलास.’

मग तुझा आवाज गेला. काकाकुवाही गप्प झाला होता. मला वाटलं कॅसेट संपली.

‘मीही थांबायला हवं होतं. कायदा दोघांना होता. तुझा हात खाली गेला, हनुवटी उघडी दिसली, आणि माझा डावा निघून गेला. तो परत बोलावता येत नाही. हे तुला सांगायचं राहिलं, ब्रोज. मी मारलं.’

‘माहीत आहे,’ अँब्रोज म्हणाला. ‘मी तिथेच होतो.’

इद्रिस, मी हसले. मोठ्याने हसले, मला आवरेना. जानेवारीनंतर ह्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. अँब्रोजने डाव्या हाताने मला गप्प केलं, कारण तू पुढे बोलत होतास.

कार्डिफच्या डॉक्टरांचं तू सांगितलंस ते. डोळ्याचा आतला पडदा एका कडेला जेमतेम धरून होता. त्या जागी आणखी एक ठोसा बसला असता तर डोळा गेलाच होता, असं ते म्हणाले. डोक्याला दोन बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून तू कितीतरी दिवस छताकडे बघत पडून राहिलास आणि कुणाला कळू दिलं नाहीस, कारण डोळ्याचं कळलं असतं तर बोटीवर घेतलं नसतं. आणि मग तू अगदी सहज, हवापाणी सांगावं तसं म्हणालास, ‘उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकलाय. जे काही बघतो ते त्या डाव्यानेच. फिलचं पत्र त्यानेच वाचलं.’

‘थांबव,’ अँब्रोज म्हणाला.

मी थांबवलं.

‘डावा म्हणाला?’

‘डावा.’

‘मी मारणार होतो तो?’

‘तोच.’

तो मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग डाव्या हाताने तो उजवा उचलला आणि टेबलावर, टेपशेजारी आणून ठेवला. पाहुण्याला खुर्ची द्यावी तसा.

‘म्हणजे मी गाढव नव्हतो.’

‘कधीच नव्हतास.’

‘बाबा म्हणायचे.’

‘बाबा सगळ्यांनाच म्हणायचे.’

मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकातूनही, आणि तो म्हणाला, ‘पूस, पूस, बघत काय बसलीस.’ मी पुसलं. उरलेली कॅसेट आम्ही चहा घेऊन ऐकली. तू मासेमारीबद्दल जे काही बोललास त्यातलं एक अक्षरही त्याला खरं वाटलेलं नाही, असं कळवायला सांगितलंय.

आज सकाळी मिस प्रीस्टनॉल आली. कोट काढता काढता नेहमीसारखी म्हणाली, ‘काय मिस्टर टुली, आज तरी जमणार की खिडकीशीच लग्न लागलंय?’

अँब्रोज म्हणाला, ‘घंटा वाजव.’

तिला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चमचा कपावर वाजवला.

कृतज्ञ,
फिल


ओल्डम,
५ सप्टेंबर १९९४

प्रिय इद्रिस,

जत्रा कालच उठली. गिरण्या बंद झाल्या तरी गिरण्यांच्या सुट्टीची जत्रा मात्र अजून भरते. माणसं सुट्टी कशाची ते विसरली, तरी घ्यायची विसरली नाहीत. आमचा तंबू जिथे असायचा तिथे आता विजेच्या गाड्या एकमेकांवर आपटतात. मी अँब्रोजला चाकांच्या खुर्चीतून घेऊन गेले. काळे वाटाणे घेतले, व्हिनेगर भरपूर. डाव्या हाताने खाल्ले, अर्धे सदऱ्यावर.

तू विचारलंस म्हणून खरं खरं लिहिते. हात पूर्ण आलेला नाही, येणारही नाही. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं. खांदा उचलतो. कोपर वाकतं. बोटं मिटतात, उघडायला वेळ लागतो. मिस प्रीस्टनॉल उघडे तळवे धरून समोर बसते आणि तो मारतो, म्हणजे टेकवतो म्हण. तिला ‘माशी उडव’ म्हणायला त्यानेच शिकवलंय. परवा ती म्हणाली, ‘माझ्या आजोबांनी तुम्हाला लढताना पाहिलंय. म्हणायचे, ह्याचा ठोसा बसला की माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.’ अँब्रोज म्हणाला, ‘आजोबांचा पत्ता काय?’

आणखी एक सांगायचं आहे. ऑगस्टमध्ये त्याला मैदानावर नेलं. गोळा उचलता येत नाही, नुसता बाकाशेजारी बसला होता. हॅरल्ड व्रिग्ली आला. सवयीने त्याच्या तोंडातून अर्धं वाक्य गेलं, ‘काय टुली, आज कुणाला...’ आणि खुर्ची बघून तो शरमला. अँब्रोज म्हणाला, ‘बस हॅरल्ड. सांगतो कुणाला सोडलं ते.’

आणि सांगितलं त्याने. सगळ्यांसमोर, अडखळत, शब्द शोधत. तंबू, थोपटणं, तुझा डोळा, सगळं. तुझी परवानगी तो गृहीत धरतोय. मीही. आता आपल्याकडून काढून घेण्यासारखं कुणाकडे काय उरलंय? खेळ थांबला होता. एकाने गोळा हातात धरला होता तो तसाच धरून ऐकत होता.

हॅरल्डने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, ‘त्या रात्री माझे दहा शिलिंग बुडाले तुझ्यापायी.’

अँब्रोज म्हणाला, ‘दहा शिलिंगांत डोळा काही महाग नाही.’

हॅरल्ड उठून गेला. मला वाटलं रागावला. तो तिघांसाठी चहा घेऊन आला, आणि अँब्रोजचा कप त्याने उजव्या बाजूला ठेवला. मग लक्षात आलं तसं काही न बोलता उचलून डावीकडे सरकवला.

मी त्या संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. सिस्टर बेनेडिक्टांसाठी एक आणि काकाकुवासाठी एक. फादरना दुसऱ्या मेणबत्तीचं कारण सांगितलं नाही.

तू मोतीबिंदू काढून घेतल्यावर यायचं म्हणतोस. घाई नाही. मागची खोली तयार आहे, दुपारचं ऊन तिथेच येतं. अँब्रोजला विचारलं, काही निरोप आहे का. विचार करून म्हणाला, ‘म्हणावं, ये. पण मिठी मारणार नाही. मिठीत त्याचा भरवसा नाही.’ आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

आता शेवटची गोष्ट, आणि ह्यासाठीच खरं तर कागद घेतला.

काल जत्रेला निघायचं म्हणून मी त्याला चांगला सदरा घालत होते. उशीर झाला होता, मोठी मुलगी बाहेर गाडीत थांबली होती, आणि तुला माहीत आहे मी घाईत कशी असते ते. मुलींच्या वेण्यांपासूनची माझी ओढाताण. डावी बाही झाली. उजवी बाही चढवताना मी त्याचा हात धरून वर खेचला. त्याच्या खांद्यात अजून दुखतं, ते मी विसरले होते. त्याने तोंडातून आवाज काढला नाही. इतकी वर्षं कधी काढला नाही. मी बटणांसाठी वाकले होते, माझं डोकं त्याच्या छातीशी होतं, दोघं अगदी मिठीत असल्यासारखे.

आणि माझ्या कोपरावर काहीतरी टेकलं. हलकंच. मग पुन्हा एकदा.

मी बघितलं. उजवा होता.

मी थांबले.

तुझी,
फिल